कोट तिकडेच ठेवून ये

सेकोवेने आयुष्यात एकच गाणं रचलं. बरेच लोक एकही रचत नाहीत, आणि काही लोक शंभर रचतात. दोघांपेक्षाही सेकोवेचं बरं चाललं होतं, असं माझं मत आहे.

गाण्याचं नाव 'कोट तिकडेच ठेवून ये'. तुम्ही ते ऐकलेलं नसणार. कोणीच ऐकलेलं नाही. एकोणीसशे नव्वद साली इथे फिजीत आमच्या हॉटेलच्या बँडने राजधानीत, सुव्याला जाऊन एक कॅसेट काढली. तिच्या दुसऱ्या बाजूवर तिसरं गाणं हे. बँडचं नाव 'फाइव्ह स्टार', कारण वाजवणारे पाच होते. हॉटेल तीन ताऱ्यांचं होतं. कॅसेटी तीनशे निघाल्या. त्यांतल्या दीडशे हॉटेलच्या दुकानात समुद्राकडच्या काचेत मांडल्या, आणि उन्हाचे गोडवे गाणाऱ्या त्या कॅसेटी उन्हानेच वाकड्या होऊन गेल्या. रेडिओवर गाणं कधीमधी लागायचं, बहुधा संध्याकाळच्या निधनवार्तांना तीन मिनिटं कमी असली की. ते सुरू झालं की गावातल्या बायका चुलीपुढून ओरडायच्या, "गप्प बसा रे, सेकोवे लागला! आता कोण गेलं ते सांगतील."

सेकोवे हॉटेलचा माळी. शनिवारी दुपारी चारला तळ्याकाठी बँड बसायचा, तेवढ्यापुरता गायक. एरवी सकाळी सहाला हजर. झुल्यांच्या गाठी तपासायच्या, पुळणीवरची पानं ओढायची, जास्वंदीची कुंपणं कापायची, आणि नारळ उतरवायचे. एखादा नारळ पाहुण्याच्या डोक्यात पडला तर सुट्टीची मजा कमी होते, म्हणून ते पिकायच्या आतच काढायचे असतात. त्याच्या गाण्यात एक ओळ आहे: 'इथे उन्हाखेरीज वरून काही पडत नाही.' पाहुण्यांना ती कविकल्पना वाटते. तो कामाचा अहवाल आहे. दुसरी ओळ, 'झुल्यात पड, झुला तुला सांभाळेल.' हे लिहिणाऱ्याला झुल्यात पडायची मुभा नव्हती. नोकरांनी झुले वापरू नयेत अशी पाटी होती, आणि ती झाडाला ठोकली होती सेकोवेनेच.

कोटाची हकिगत अशी. एका जुलै महिन्यात न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाची एक बाई बसमधून उतरली. अंगात घोट्यापर्यंतचा लोकरी कोट. तो तिने काढला, समोर जो माणूस होता त्याच्या हातात दिला, आणि ती बुटांसकट समुद्रात चालत गेली. समोर सेकोवे होता. त्याने जन्मात कोट हातात धरला नव्हता. "भिजलेल्या मेंढीएवढा जड," तो मला म्हणाला. त्याने तो नीरफणसाच्या फांदीला अडकवला. दहा दिवस बाईने विचारलं नाही, अकराव्या दिवशी ती विमानाने गेली, आणि कोट तिथेच राहिला. एका साळुंकीने त्याच्या खिशात घरटं केलं. ते पाहून सेकोवेने गाणं केलं. शब्द तपासायला तो माझ्याकडे आला, कारण मी गावाबाहेरच्या शाळेत शिकवायचो आणि इंग्रजी तपासणं ही आमच्या भागात मास्तरची जबाबदारी मानतात. मी एक क्रियापद दुरुस्त केलं. गाताना त्याने ते पुन्हा चुकीचंच म्हटलं, आणि चुकीचंच बरं वाटलं.

तीस वर्षं दर शनिवारी त्याने ते गायलं. पाहुणे फर्माईश करायचे ती दुसऱ्याच गाण्यांची, जी ते घरून पाठ करून आलेले असायचे. सेकोवेचं गाणं शेवटी, विमानतळाची बस सामान भरत असताना. सुटीवर या म्हणणारं गाणं सुटी संपवून निघालेल्यांना ऐकवायचं, ही व्यवस्था कोणाची होती ठाऊक नाही. पण गाताना सेकोवेकडे पाहावं. खांद्यावरचा कोयता जसा तो कामावरून आल्यावर दाराशी उतरवून ठेवायचा, तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून उतरलेलं असायचं. बँडमधला त्याचा आतेभाऊ अकुइला म्हणायचा, "बघा, बघा, माळी सुटीवर गेला. सव्वातीन मिनिटांनी परत येईल."

सेकोवे आणि अकुइला यांच्यात आतेमामेभावांचं नातं. म्हणजे आमच्याकडे एकमेकांचा अपमान करण्याचा जन्मजात परवाना. तो दोघांनी कधी वाया जाऊ दिला नाही.

दुसरं एक नातं इथे सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्यावरून झाली. ते मामा-भाच्याचं. आईच्या गावात भाच्याला जे आवडेल ते तो घेऊ शकतो. मागायचं नसतं, 'हे मी घेतलं' म्हणायचं असतं. मामाने हसत टाळ्या वाजवायच्या. नाही म्हणण्याची सोय नाही, परत मागण्याची तर नाहीच. उलट भाच्याने काहीच घेतलं नाही तर गाव रुसतं, की आमच्यात घेण्यासारखं काही दिसलं नाही वाटतं याला.

सेकोवेची बहीण तोरिका लग्न करून ब्रिस्बेनला गेली. तिचा मुलगा माथिऊ तिथेच वाढला, नळजोडणीचं काम शिकला, आणि सव्विसाव्या वर्षी गावातल्या एका लग्नासाठी मे महिन्यात पहिल्यांदा आईविना आला. तो येणार कळल्यावर सेकोवेची बायको अलुमिता हिने नवा राइस कुकर माझ्या घरी आणून ठेवला. "आठवडाभर राहू दे, मास्तर," ती म्हणाली. "भाचा येतोय."

"तो स्वयंपाक करतो का?"

"करत नाही. पण छान म्हणाला तर?"

मुलगा गुणी होता. त्याच्या देशात पाहुण्याने प्रत्येक गोष्टीचं कौतुक करायचं असतं, तसं तो करत होता. मामाच्या फुलाफुलांच्या शर्टाला छान म्हणाला, शर्ट मिळाला. कोयत्याच्या मुठीला म्हणाला, कोयता मिळाला. एका डुकराला पाहून "काय गोड आहे!" म्हणाला. ते लग्नाच्या दिवशी भट्टीतून निघालं, त्याच्या नावाने वाढलं गेलं, आणि त्याने दोनदा घेतलं. मला म्हणाला, "मास्तर, इथली माणसं किती दिलदार आहेत!" मी हो म्हणालो. मास्तरांनी कुठे बोलायला हवं होतं, हे मास्तरांना नेहमी नंतर कळतं.

रविवारी प्रार्थनेनंतर जेवणं झाली. मोठ्या घरात चटयांवर गावचे वडीलधारे बसलेले, काठवटीत यंगोना, म्हणजे मुळं कुटून केलेलं गुंगीचं पेय, कालवलेली, करवंटी फिरत होती. कोणीतरी सेकोवेला गायला सांगितलं. त्याने आपलं गाणं म्हटलं. आईने परदेशातल्या स्वयंपाकघरात गुणगुणलेलं गाणं माथिऊने पहिल्यांदा पुरतं ऐकलं. गाणं संपलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. तो उभा राहिला, दोन्ही हात पसरले, आणि तोडक्यामोडक्या फिजी भाषेत सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा! हे गाणं मी घेतलं! आजपासून हे माझं!"

ब्रिस्बेनमध्ये याचा अर्थ 'वा, क्या बात है' एवढाच होतो.

सेकोवेने हातांचे पोकळ तळवे एकावर एक आपटून तीनदा टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "घे." सगळ्या वडीलधाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारा समाधानाने म्हणाला, "पोरगा परदेशात वाढला, पण आईच्या गावचा हक्क विसरला नाही." माथिऊला वाटलं, आपल्या फिजी बोलण्याचं कौतुक चाललंय. त्याने वाकून आभार मानले. मंगळवारी तो विमानात बसला. शर्ट, कोयता आणि गाणं घेऊन. कोयता विमानतळावर काढून घेतला.

शनिवारी चारला बँड बसला. बस आली, सामान चढू लागलं. अकुइलाने गिटारवर सुरुवातीचे सूर छेडले. सेकोवे ढिम्म.

"गा की."

"ते आपलं नाही."

"काय आपलं नाही?"

"गाणं. भाच्याचं आहे."

अकुइलाने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "तीस वर्षं आमचे कान खाल्लेस, आणि आज आठवलं तुझं नाही ते?"

"त्या दिवशी तूही टाळ्या वाजवल्यास."

"मला वाटलं डुकराचं बोलतोय!"

त्या दिवशी बस गाण्याविना गेली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. हेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारीही तेच. मग जून गेला, जुलै गेला. सेकोवे इतर गाणी म्हणायचा, नीट, सुरात, एखादा माणूस दुसऱ्याच्या घरी पंगतीत बसतो तशी. डिसेंबरात त्याची निवृत्ती होती. अलुमिता एका दुपारी राइस कुकर न्यायला आली. तो दोन महिने माझ्याकडेच राहिला होता. न्यायचं सोडून ती पायरीवर बसली.

"घरात बोलत नाही," ती म्हणाली. "काल कुंपण कापलं, ते पट्टीने आखल्यासारखं सरळ. आधी कसं, गुणगुणत कापायचा, तर वरखाली व्हायचं. नवी मॅनेजर खूश आहे. म्हणे काम सुधारलं."

"तोरिकाला फोन का करत नाहीस?"

"म्हटलं मी. तर म्हणतो, भाच्याकडे परत मागितलं तर मी मामा कसला? दिलं ते दिलं. म्हटलं, अहो, पोराला कळलं तरी का, त्याने काय घेतलं? तर म्हणतो, घेणाऱ्याला कळलं नाही म्हणून दिलेलं खोटं होतं का?"

मी आत जाऊन राइस कुकर आणला आणि तिच्याजवळ पायरीवर ठेवला.

ऑगस्टात एक म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं आलं, दरवर्षी येणारं. बाईने बस निघताना सेकोवेला गाठलं. ते कोटाचं गाणं का नाही म्हटलं? आम्ही खास त्यासाठी बसच्या बाहेर थांबतो. सेकोवे म्हणाला, "ते गाणं ब्रिस्बेनला गेलं, बाई."

"आम्ही ब्रिस्बेनचेच," बाई म्हणाली. "आम्हाला तिथे कुठे दिसलं नाही."

सेकोवे हसला आणि तिची बॅग बसमध्ये चढवली. मग बस निघून गेली तरी तो त्या जागी उभा होता. जगात निदान दोन माणसं त्या गाण्यासाठी थांबत होती, हे त्याला तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गाणं गेल्यावर. अकुइलाने ते पाहिलं. त्या संध्याकाळी त्याने सेकोवेला एकही शिवी दिली नाही, म्हणजे परिस्थिती गंभीर होती. दुसऱ्या दिवशी तो माझ्या ओसरीवर आला आणि माझ्याच फोनवरून तोरिकाला फोन लावला. आतेभावाला लाज नसते, ती नसावी म्हणूनच हे नातं असतं. फोनचा आवाज त्याने मोठा ठेवला, कारण त्याला कमी ऐकू येतं.

"तोरिके, तुझ्या पोराने माझ्या मामेभावाचा घसा चोरला."

"काय बरळतोस? किती प्यालास?"

अकुइलाने सगळं सांगितलं. तोरिका म्हणाली, "गाणं? त्या गाढवाला घेण्यासारखं काय कमी होतं? जमीन घ्यायची, होडी घ्यायची! आणि त्याला सा म्हणता येतो का? अंघोळीच्या वेळी गातो तर शेजारी कुत्रा बांधून ठेवतात!"

"ते तुझं तू बघ. सेकोवे गप्प झालाय."

"पूर्ण गप्प?"

"कुंपणं सरळ कापतोय."

"अरे देवा," तोरिका म्हणाली.

नंतरचं तिनेच अलुमिताला सांगितलं. तिने मुलाला जेवता जेवता विचारलं. तो म्हणाला, "आई, मी फक्त छान आहे म्हणालो."

"छान म्हणाला नाहीस. घेतलं म्हणालास. गावासमोर."

"मग परत देतो! आत्ता फोन करतो!"

"परत? मामाने दिलेलं मामाच्या तोंडावर फेकतोस? त्यापेक्षा डुक्कर ओकून दे."

"मग मी करू तरी काय?"

तोरिका चार दिवस विचार करत होती. तिथल्या इस्पितळात ती रुग्णांच्या चादरी बदलते; म्हणते, बिछान्यात माणूस असताना चादर बदलता येते, फक्त त्याला उचलायचं नाही, कुशीवर वळवायचं. पाचव्या दिवशी तिने मुलाला सांगितलं, रजा काढ. फोनवर चालणार नाही. चटईवर बसून घेतलंस, चटईवर बसून बोल. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून दिलं आणि पाठ करून घेतलं.

सप्टेंबरात माथिऊ आला. विमानतळाशेजारच्या नांदी शहराच्या बाजारातून यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन, कमरेला नवा सुलू गुंडाळून. कोणत्याही वस्तूकडे तीन सेकंदांहून अधिक पाहायचं नाही, असं ठरवून आला असावा. अलुमिताने विचारलं, चहा कसा झालाय. तो म्हणाला, "गरम आहे."

त्याच मोठ्या घरात, त्याच वडीलधाऱ्यांसमोर तो बसला. रीतीप्रमाणे जुडी पुढे ठेवली. भाषण सुरू केलं आणि दुसऱ्या वाक्यावर अडला. कागद सुलूच्या गाठीत होता. तो शोधताना गाठ सुटू लागली, म्हणून त्याने शोधणं सोडलं. मागे बसलेला अकुइला पुटपुटला, "नळ तुंबला." दोन म्हाताऱ्या खुदकन हसल्या. सेकोवे मान खाली घालून बसला होता. त्याच्या हाताची बोटं चटईची एक काडी उसवत होती. मुलगा परत द्यायला आला असेल, तर ते घेताही येणार नाही आणि नाकारताही येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं.

माथिऊने पाठ केलेलं सोडून दिलं. "मामा," तो म्हणाला, "गाणं माझं आहे."

सेकोवेची बोटं थांबली.

"मला ते गाता येत नाही. मी प्रयत्न केला. आईने खिडक्या लावल्या." हसू फुटलं, पण तो हसला नाही. "माझं गाणं तिकडे माझ्यापाशी मुकं पडलंय. तुझ्या घरातलं मला काहीही घेता येतं ना? मग मी तुझा आवाज घेतो. तू इथेच राहायचं आणि माझं गाणं माझ्यासाठी गायचं. दर शनिवारी."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. असं पूर्वी कोणी केलं होतं का? मामाची होडी घेतलेली होती, श्रम घेतलेले होते. एका भाच्याने मामाकडून सबंध छप्पर शाकारून घेतलं होतं. आवाज म्हणजे श्रमच की. एकाने मान डोलावली, मग दुसऱ्याने.

सेकोवेने पहिल्यांदा वर पाहिलं. "किती दिवस?" त्याने विचारलं. तो नियमाचा माणूस. हद्द माहीत नसेल तर कुंपण कुठे कापायचं?

याचं उत्तर तोरिकाच्या कागदावर नव्हतं. माथिऊने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं; एकदा बोलायचं ते बोललो नव्हतो, आता बोलून काय उपयोग. शेवटी तो म्हणाला, "मी थांब म्हणेपर्यंत."

सेकोवेने टाळ्या वाजवल्या. तीन. आवाज जरा जास्तच मोठा आला.

शनिवारी चारला माथिऊ तळ्याकाठी पाहुण्यांच्या खुर्चीवर बसला होता. बस आली. अकुइलाने सूर छेडले. एरवी सेकोवे कधी दोन शब्द बोलत नसे, त्या दिवशी तो माइकशी गेला आणि इंग्रजीत म्हणाला, "हे गाणं माझ्या भाच्याचं आहे. तो ब्रिस्बेनला नळ बसवतो. त्याने गा म्हटलंय म्हणून गातो." पाहुण्यांनी अदबीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या माणसाने माथिऊला विचारलं, "तुम्ही लिहिलं?" माथिऊ म्हणाला, "नाही, माझं आहे फक्त." त्या माणसाला वाटलं ही कायद्याची बाब असावी, त्याने विषय वाढवला नाही.

मग सेकोवे गायला. क्रियापद चुकीचंच म्हटलं. चार महिने बंद असलेल्या गाण्यात सुरुवातीला जरा गंज होता. दुसऱ्या कडव्यात तो झडला. बसच्या चालकाने हॉर्न वाजवायला हात नेला आणि तसाच ठेवला. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना आपल्या मालकीच्या गोष्टी सांभाळताना पाहिलंय. आपल्या मालकीची नसलेली गोष्ट इतक्या काळजीने उचलून धरणारा माणूस मी हा एकच पाहिला.

डिसेंबरात तो निवृत्त झाला. हॉटेलने एक घड्याळ दिलं आणि कात्री जमा करून घेतली. पुढच्या शनिवारी चारला तो गिटारवाल्यांबरोबर येऊन बसला, तेव्हा मॅनेजर समजावू लागली, की आता यायची गरज नाही. सेकोवे म्हणाला, "मॅडम, बागेतून तुम्ही मला काढलं, ठीक आहे. यातून तुम्हाला काढता येत नाही. ते माझ्या भाच्याच्या हातात आहे." तिने अकुइलाकडे पाहिलं. अकुइला म्हणाला, "खरंय, मॅडम. कडक माणूस आहे तो. आम्हीही घाबरून असतो."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. सेकोवेला मध्ये न्यूमोनिया झाला. दोन शनिवार चुकले, त्याची माफी त्याने ब्रिस्बेनला कळवली. कुंपणं आता दुसरा माळी कापतो, सरळ. अलुमिता महिन्यातून एकदा भाच्याला फोन करते. पाऊस सांगते, कोणाचं लग्न, कोण गेलं ते सांगते, आणि ठेवण्याआधी आवाज खाली आणून म्हणते, "माथिऊ, बाळा, चुकून थांब म्हणू नकोस हं."

"मामी," तो म्हणतो, "तुमच्या गावात मी आता तोंड उघडतो का?"